आणायला उशीर केला

"पालकांनी आणायला उशीर केला." परवा एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाच्या मसुद्यात, बाळांच्या मृत्यूच्या कारणांखाली हे वाक्य वाचलं आणि दिवसभर डोक्यातून जाईना. उशीर मोजला कुठून? बाळानं दूध पिणं सोडलं तेव्हापासून, की किनवटपलीकडच्या पाड्यावर जीप मिळाली तेव्हापासून? तिथून नांदेड शंभर किलोमीटरच्या वर.

एम.डी.ला प्रबंध सक्तीचा आहे, संशोधनपद्धतीचा कोर्सही आहे. ते सांगत बसत नाही. पोरं पी-व्हॅल्यू काढतात. मला सलतं ते दुसरंच. अपूर्णांक शिकवताना गुरुजी आधी छेद बघायला लावायचे. वॉर्डात आपल्याला दिसतो तो नुसता अंश. छेद मुखेड-कंधारच्या वाड्यांवर असतो, ऊसतोडीला गेलेल्या टोळीबरोबर फडाशेजारच्या कोपीत असतो. 2023च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाल्याची बातमी आली. त्यात 12 अर्भकं होती. सारा महाराष्ट्र हळहळला. वाटेत आणि कोपीत गेलेली बाळं मात्र त्या आकड्यात कधीच येत नाहीत.

लातूरचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, "निवासी डॉक्टरला जेवायला वेळ नाही. आधी बाळं वाचवू द्या, संशोधन मागाहून." त्यांची तळमळ मी जाणतो. पण गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी मोजणं आणि वाचवणं वेगळं काढलंच नाही. 39 गावांतल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, 47 गावांशी ताडून पाहिलं; तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला. 1999 साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाते, झोळीच्या काट्यावर बाळ तोलते आणि वजन लिहून ठेवते, त्याचं मूळ तिथं आहे.

संख्याशास्त्राचे तास वाढवा, असं मी आजवर सांगत आलो. आता वाटतं, सहकाऱ्यांचं अर्धं खरं आहे: वॉर्डातून वेळ निघणार नाही. पण प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा निवासी म्हणून काढायचेच असतात. त्यातले काही आठवडे तरी त्यानं आशाताईच्या मागं गावात हिंडावं. मोजायचं कसं, हे तिच्याकडून शिकावं.

आणि विभागप्रमुखांना एक विनंती. केसपेपरवर 'उशीर' लिहिण्याआधी तीन रकाने आखा: घरी निर्णय व्हायला किती तास गेले, वाटेत किती गेले, आपल्या दारात आल्यावर उपचार सुरू व्हायला किती गेले. तिसरा रकानाही खरा भरा.