हातचें सोडून

हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे, आणि ती बहुधा खरीच ठरते. ज्या विद्येंत, ज्या धंद्यांत किंवा ज्या खेळांत माणसाचा हात बसला आहे, तेथेंच तो टिकून राहिला तर त्याचें व त्याच्या माणसांचें कल्याण होतें, हा अनुभव कोणासहि नाकारतां येणार नाहीं. परंतु एखादी शिकवण बहुधा खरी असणें आणि ती सर्वदा खरी असणें, यांत अंतर आहे. तें अंतर नेमकें कोठें पडतें, हें पाहण्यासाठीं आम्हीं येथें खेळासारखा वरवर क्षुल्लक वाटणारा विषय घेतला आहे. त्यास कारण आहे. खेळाडूचें आयुष्य आंखूड असतें. इतरांच्या आयुष्यांत जो प्रश्न तीस-चाळीस वर्षांवर पसरून विरळ होतो, तो खेळाडूपुढें आठ-दहा वर्षांतच दाट होऊन उभा राहतो.

चुनी गोस्वामी यांचें उदाहरण या बाबतींत फार बोलकें आहे. १९३८ सालीं जन्मलेला हा बंगाली खेळाडू लहानपणींच कलकत्त्याच्या मोहन बागान संघांत दाखल झाला व फुटबॉलमध्यें अखेरपर्यंत त्याच संघाचा राहिला. १९६२ सालीं जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत दक्षिण कोरियाचा पराभव करून भारतानें फुटबॉलचें सुवर्णपदक मिळविलें, त्या संघाचे गोस्वामी हे कर्णधार होते. १९६४ सालीं आशियाई करंडकांत भारताचा दुसरा क्रमांक लागला. आणि त्याच वर्षीं, वयाची तिशीहि गांठली नसतांना, त्यांनीं आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला. १९६८ पर्यंत ते मोहन बागानसाठीं खेळले, मग तेंहि थांबविलें. दरम्यान बंगालच्या क्रिकेट संघांत त्यांचा प्रवेश झालाच होता. १९६६ च्या डिसेंबरांत इंदूर येथें सोबर्स यांच्या वेस्ट इंडीज संघाविरुद्ध मध्य व पूर्व विभागांच्या संयुक्त संघाकडून खेळतांना त्यांनीं आठ बळी घेतले. १९७१-७२ च्या हंगामांत बंगालचे कर्णधार म्हणून त्यांनीं आपला संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत आणला. तेथें गांठ पडली ती मुंबईशीं. आणि तो काळ असा होता कीं, १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षें तो करंडक मुंबईनें दुसऱ्या कोणाच्या हातीं जाऊं दिला नाहीं. बंगालचा पराभव झाला. कसोटी सामना खेळण्याचा योग गोस्वामींना कधींच आला नाहीं.

आतां व्यवहारी मनुष्य विचारील, ‘यांत मिळविलें काय? एका खेळांत जो आशियांत अग्रगण्य, तो दुसऱ्या खेळांत प्रांतापुरता उरला. शिवाय देशाला त्यानंतर आशियाई सामन्यांत फुटबॉलचें सुवर्णपदक पुन्हा मिळालेलें नाहीं. मग या गृहस्थानें आपल्या गुणाशीं आणि देशाशीं प्रतारणाच केली नाहीं काय?’ हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

आमच्या महाड-पोलादपूरच्या बाजूस तर हा आक्षेप घरोघर ऐकूं येतो. फक्त तेथें फुटबॉलच्या ठिकाणीं कबड्डी असते. सावित्रीच्या खोऱ्यांतल्या गांवांना कबड्डी ही कोणी शिकवावी लागली नाहीं. पूर्वी तिला हुतूतू म्हणत. भात कापून मोकळें झालेलें शेत, चुन्यानें आंखलेल्या चार रेघा आणि दहा-पंधरा पोरें, एवढ्या भांडवलावर ती चालते. चांगल्या चढाईच्या मुलाकडे सारें गांव आशेनें पाहतें. कारण त्या चढाईच्या पलीकडे पोलिसांतली, रेल्वेंतली किंवा एखाद्या बँकेंतली खेळाडूंसाठीं राखलेली नोकरी उभी असते. ज्या घाटाखालच्या गांवांतून पिढ्यान् पिढ्या तरणीं माणसें पोटासाठीं मुंबईस गेलीं, तेथें अशा नोकरीची किंमत काय, हें सांगावयास नको. अशा घरांतला मुलगा एके दिवशीं ‘मला आतां कबड्डी नको, मला धांवण्याच्या शर्यतींत उतरावयाचें आहे’ असें म्हणूं लागला, तर बापाच्या पोटांत गोळा उठतो, आणि त्या बापास अडाणी म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण अशाच घरांत जन्मली असली पाहिजे.

या मुलखाची परंपराहि बापाच्याच बाजूनें साक्ष देते, असें प्रथमदर्शनीं वाटतें. पोलादपूरजवळ उमरठ येथें तानाजी मालुसरे यांची समाधि आहे. धरलेलें काम जीव जाईपर्यंत सोडूं नये, याचें त्याहून मोठें उदाहरण महाराष्ट्रास ठाऊक नाहीं. पण ती कथा आपण नीट ऐकतों कां? परंपरा असें सांगते कीं, घरीं मुलाच्या लग्नाची तयारी चालली होती, आणि तें लग्न बाजूस ठेवून तानाजी कोंढाण्यावर गेले व १६७० च्या फेब्रुवारींत तेथें पडले. म्हणजे या कथेंतहि हातचें एक सोडलेलेंच आहे! निष्ठा होती ती स्वराज्याशीं. तिच्यापुढें हातांतलें मंगलकार्यहि मागें राहिलें. अलीकडचें उदाहरण पाहावयाचें तर महाड तालुक्यांतील नातें या गांवीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख यांचें घ्यावें. १९५६ सालीं मुंबईच्या प्रश्नावर त्यांनीं केंद्रांतील अर्थमंत्रिपद सोडलें आणि पुढें विद्यापीठ अनुदान आयोगाचें काम हातीं घेतलें. पद सुटलें म्हणून निष्ठा सुटली, असें त्यांच्याविषयीं कोणी म्हटलें नाहीं. तेव्हां निष्ठा ही साधनाशीं असते कीं हेतूशीं, हा खरा प्रश्न आहे. साधनाला चिकटून राहणें आणि हेतूला जागणें या दोन गोष्टी पुष्कळदां एकत्र नांदतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतों.

येथें आपल्या नीतिकल्पनेंतील एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. सांगली जिल्ह्यांतील पेठ गांवचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यांत मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धांत त्यांना गोळ्या लागल्या, शरीराचा खालचा भाग निकामी झाला, आणि तो खेळ कायमचा संपला. पुढें त्यांनीं पोहण्याचा मार्ग धरला, व १९७२ सालीं जर्मनींत हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक क्रीडामहोत्सवांत पन्नास मीटर पोहण्याचें सुवर्णपदक जिंकलें. त्यांच्या धैर्यापुढें आपण सर्व नतमस्तक होतों, आणि तें योग्यच आहे. पण ज्यानें धडधाकट असतांना, कोणतेंहि संकट कोसळलें नसतांना, केवळ आपल्या मनाचा कौल घेऊन खेळ बदलला, त्याला मात्र आपण चंचल म्हणतों. दैवानें हात धरून एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर नेलें तर तो पराक्रम, आणि माणूस आपल्या पायांनीं गेला तर तें खूळ! आम्हांस वाटतें, याच्या मुळाशीं नीति नाहीं, भीति आहे. संकटानें घडविलेल्या बदलाची जबाबदारी कोणावरच पडत नाहीं. स्वेच्छेनें केलेल्या बदलाची पडते. आपण भितों तें बदलास नव्हे, जबाबदारीस.

यावर कोणी नंदू नाटेकरांचें नांव घेऊन आमचीच बाजू मांडूं पाहील. १९३३ सालीं सांगलीस जन्मलेले नाटेकर आरंभीं टेनिस खेळत. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत रामनाथन कृष्णन् यांच्याकडून हार खाल्ल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले. १९५६ सालीं क्वालालंपूर येथें त्यांनीं मिळविलेलें अजिंक्यपद हें या खेळांतलें भारतीयाचें पहिलें आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद होय. राष्ट्रीय एकेरीचा मान त्यांनीं सहा वेळां मिळविला, आणि १९६१ सालीं अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हां पहिल्याच मानकऱ्यांत त्यांची गणना झाली. ‘पाहा, खेळ बदलला म्हणून केवढें कल्याण झालें!’ असें म्हणणें सोपें आहे. परंतु हा युक्तिवाद आम्हीं स्वीकारणार नाहीं. कारण तो ज्या शिडीवरून चढवितो, तिच्याच वरून खालीं पाडतो. यश आलें म्हणून निर्णय योग्य, असें एकदां मान्य केलें कीं, गोस्वामींचा निर्णय अयोग्य होता हेंहि मान्य करावें लागेल. निर्णय ज्या दिवशीं घ्यावयाचा, त्या दिवशीं यश कोणासहि दिसत नसतें. टेनिसची रॅकेट खालीं ठेवणाऱ्या तरुणास क्वालालंपूर ठाऊक नव्हतें, आणि जाकार्ताचें पदक घरीं असलेल्या कर्णधारास आपल्याला कसोटीचें दार उघडणार नाहीं, हेंहि ठाऊक नव्हतें. म्हणून निर्णयाचा न्याय करावयाचा, तर तो पुढच्या फळावरून करून चालणार नाहीं; तो करतांना माणसाच्या मनांत काय होतें आणि त्यानें तो कोणत्या रीतीनें केला, यावरूनच केला पाहिजे.

या दृष्टीनें पाहिलें तर गोस्वामींचें उदाहरण नाटेकरांच्या उदाहरणाहून अधिक शिकवितें. पराभवानंतर मार्ग बदलणाऱ्यावर पळपुटेपणाचा संशय घेतां येतो; तो संशय नाटेकरांनीं पुढच्या परिश्रमांनीं धुवून काढला. शिखरावर उभें राहून मार्ग बदलणाऱ्यास तर टाळ्या सोडून जावें लागतें. जेथें आपलें नांव घेतांच हजारों माणसें उठून उभीं राहतात, तेथून निघून जेथें आपण अनेकांतले एक आहों तेथें पुन्हा शिकावयास बसणें, यांत अहंकाराचा जो होम होतो, तो लहान नव्हे. कीर्तीसाठीं खेळणारा मनुष्य हें करणार नाहीं. खेळासाठीं खेळणाराच करील.

तथापि सोडून जाण्यास कांहीं अटी आहेत, आणि त्या पाळल्यावांचून आम्ही कोणाचीहि पाठ थोपटणार नाहीं. गुरूचें ऋण असतें, सोबत्यांचें असतें, पोटाला चिमटा घेऊन खुराक पुरविणाऱ्या आईबापांचें असतें. ही ऋणें म्हणजे जन्मभराची वेठ नव्हे. पण तीं फेडल्याशिवाय निघणें म्हणजे चोरवाटेनें निघणें होय. हंगामाच्या मध्यावर संघास उघडें टाकून जाणारा, ज्यानें शिकविलें त्याला अखेरच्या दिवशीं कळविणारा, घरच्यांना पर्यायच न ठेवणारा, यांचा दोष ते खेळ बदलतात हा नसून, ते विश्वास मोडतात हा आहे. गोस्वामींनीं देशाचा संघ सोडल्यावरहि चार वर्षें आपल्या संघाची सोबत केली, ही गोष्ट या संबंधांत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. प्रेक्षकांचें ऋण मात्र आम्ही मानीत नाहीं. खेळाडूनें आपल्याला जो आनंद दिला, तें त्याचें दान होतें. दान घेणाऱ्यानें पुढच्या हप्त्याची मागणी करावी, हें शोभत नाहीं.

आणखी एक गोष्ट महाडच्या भूमीवर उभें राहून बोलणारास टाळतां येणार नाहीं. १९२७ सालच्या २० मार्चला डॉ. आंबेडकरांनीं आपल्या हजारों अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी घेतलें. प्रश्न पाण्याचा होता, पण त्याच्या पोटांत त्याहून मोठा प्रश्न होता: माणसानें कोठवर जावें, याची रेघ त्याच्या जन्मानें आंखावी काय? ज्या समाजांत बापाचा धंदा तोच मुलाचा, ही शतकानुशतकांची आज्ञा होती, तेथें ‘मी आतां दुसरें कांहीं करून पाहीन’ हे शब्द साधे राहत नाहींत. त्यांना हक्काचें वजन येतें. परंतु हा हक्क अजून सर्वांच्या वांट्यास सारखा आलेला नाहीं. सुखवस्तु घरांतल्या मुलानें खेळ बदलला, तर फार तर एक-दोन वर्षें जातात. पोलादपूरच्या डोंगरावरच्या वाडींतल्या मुलानें बदलला, तर घराचा एक पगार जातो. तेव्हां पहिल्याच्या धैर्याचें कौतुक आणि दुसऱ्याच्या भित्रेपणाची कींव करणारांनीं दोघांच्या पायांखालची जमीन पाहावी. धैर्य सर्वांनाच सारख्या किंमतीस मिळत नाहीं.

म्हणून ज्या घरांना परवडतें, त्यांच्यावर जबाबदारी अधिक आहे. आपला मुलगा किंवा मुलगी हातचें सोडावयास निघाली, तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न तिला विचारूं नये. विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. जें सोडतेस तें कंटाळ्यानें सोडतेस, कीं दुसऱ्याच्या ओढीनें? ज्यांचा भरंवसा तुझ्यावर आहे, त्यांना सांगितलेंस काय? आणि नव्या ठिकाणीं कोणी ओळखलें नाहीं, तरी तुला तेथें बसवेल काय? यांचीं उत्तरें सरळ आलीं, तर वाट मोकळी करून द्यावी, आणि पुढें अपयश आलें तरी तें तोंडावर फेकूं नये. राहतां राहिली सोडलेल्या गोष्टीची हळहळ. तिच्याविषयीं एवढेंच सांगतों कीं, नाटेकरांनीं ज्या टेनिसचा त्याग केला, त्याच टेनिसमध्यें त्यांचे चिरंजीव गौरव यांनीं १९९४ सालीं हिरोशिमाच्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळविलें. सोडलेली गोष्ट घरांतून गेलीच, असें कोणी खात्रीनें म्हणूं नये.