नीरव पंखा आणि अभावाचे ज्ञान
संगणकाच्या प्रोसेसरसाठी हवेने थंड करणारा कूलर ‘आवाज न करणारा’ हवा, या अपेक्षेत अभावाचा प्रश्न दडलेला आहे आणि भारतीय दर्शनांनी त्याची चिकित्सा फार बारकाईने केली आहे. भाट्ट मीमांसक अभाव जाणण्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिकांच्या मते अभावही प्रत्यक्षानेच कळतो. मात्र वस्तू असती तर ती आढळलीच असती अशी परिस्थिती असल्याखेरीज नुसत्या न आढळण्याला किंमत नाही, हे दोघांनाही मान्य आहे. अशा न आढळण्याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधारात घडा दिसत नाही, एवढ्यावरून तो तिथे नाही असे ठरत नाही.

नसणे आणि नुसते न आढळणे हा भेद कूलरच्या बाबतीतही करावा लागतो. नॉक्टुआ कंपनीच्या एनएच-पी1 या कूलरला पंखाच नसल्यामुळे तेथे पंख्याच्या आवाजाचा अभाव खराखुरा असतो, पण फार तापणाऱ्या प्रोसेसरला तो पुरा पडत नाही. त्याच कंपनीच्या एनएच-डी15 मध्ये 140 मिलिमीटरचे दोन पंखे आणि सहा उष्णतानलिका असतात. उष्णतानलिका म्हणजे आत कमी दाबाखाली थोडा द्रव असलेली तांब्याची बंद नळी. प्रोसेसरकडच्या टोकाला त्या द्रवाची वाफ होते, ती धातूच्या पातळ पत्र्यांकडे जाऊन उष्णता सोडते आणि द्रव होऊन नळीच्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. पत्र्यांचा पृष्ठभाग ऐसपैस असला की पंखा सावकाश फिरला तरी भागते, आणि खरी मेख इथेच आहे: वेग निम्मा केल्यास हवेचा प्रवाह साधारण निम्मा होतो, आवाज मात्र सुमारे 15 डेसिबलने उतरतो.

हा आवाज नाहीसा झालेला नसतो, खोलीतल्या इतर आवाजांत तो बुडालेला असतो. रात्री रहदारी थांबल्यावर त्याच वेगाने फिरणारा तोच पंखा ऐकू येऊ लागतो, तेव्हा नवे काही उत्पन्न होत नाही, आढळण्याची अट तेवढी पुरी होते. म्हणून खोक्यावरचा डेसिबलचा आकडा निवडीला अपुरा आहे, कारण तो आवाजाविषयी सांगतो, विशिष्ट खोलीत विशिष्ट माणसाला तो जाणवेल की नाही याविषयी नाही. शिवाय कान सततच्या घूंघूंपेक्षा तिच्यातला बदल लवकर टिपतो. तापमानाच्या प्रत्येक क्षणिक उसळीबरोबर वेग वाढू दिला तर उत्तम पंखाही त्रासदायक ठरतो, आणि वेग काही सेकंद थांबून मगच वाढावा अशी योजना केली तर साधा पंखाही ध्यानात येत नाही.