चौकटी कंसाला किती गुण?

तुमच्या कॉलेजात कधी नॅकची समिती आली होती का? आली असेल तर काही गोष्टी नक्की आठवतील. आठवडाभर आधी जिन्याच्या कोपऱ्यांना लागलेला रंग, रातोरात उगवलेल्या कुंड्या, 'उद्या सगळ्यांनी आयकार्ड घालून या' असा ग्रुपवरचा मेसेज, आणि एरवी बंद असलेल्या एखाद्या खोलीच्या दारावर चढलेली 'समुपदेशन कक्ष' अशी कोरी पाटी. मुलं यावर मीम्स बनवतात आणि विसरून जातात. आम्ही शिकवणारे विसरू शकत नाही, कारण पाटीमागची फाईल आम्हाला तयार करायची असते.

मी नाशिकमधल्या एका महाविद्यालयात ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढे पैसे. नॅकच्या तयारीचे तास त्यात धरत नाहीत, पण ते काम असतंच. या तयारीत एक प्रश्न समोर आला, तो आमच्या विभागापुरता नाही असं मला वाटतं, म्हणून तुमच्यापुढे मांडते.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत ग्रंथालयशास्त्राच्या एम.ए.सारख्या अभ्यासक्रमाला अमेरिकन लायब्ररी असोसिएशन ही ग्रंथपालांची संघटना स्वतः मान्यता देते. अभ्यासक्रम ग्रंथपाल घडवतो की नाही, एवढंच ती बघते. आपल्याकडे तसं नाही. १९९४ मध्ये स्थापन झालेली नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद, अख्ख्या संस्थेचं मूल्यांकन करते. सात निकष असतात, आणि त्यांखाली येणारी माहिती प्रत्येक विभागाकडून गोळा होते. ग्रंथालय चौथ्या निकषात येतं. रोज सरासरी किती विद्यार्थी आणि शिक्षक ग्रंथालय वापरतात, हा आकडा त्या निकषात बराच काळ विचारला जात होता. आकड्याला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे दारात ठेवलेली वाचकांच्या सह्यांची वही.

आमच्या विभागीय ग्रंथालयाची ती वही डिसेंबरपर्यंत नीट भरलेली होती. जानेवारीपासून पानं कोरी. दारात बसणारे मामा निवृत्त झाले, ती जागा भरली नाही, आणि वहीकडे लक्ष देणारं कुणी उरलं नाही. वाचक मात्र येत होते. टेबलं भरलेली असायची, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

विभागप्रमुख सर म्हणाले, "मॅडम, शनिवारी सात-आठ मुलांना बसवा. वेगवेगळी पेनं द्या. चार महिन्यांची पानं भरून टाकू."

मी गप्प राहिले. सर वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. त्यांनी हा विभाग बंद पडू नये म्हणून अनेक वर्षं धडपड केली आहे. ते ज्याला 'भरून टाकू' म्हणत होते, ते त्यांच्या दृष्टीने खोटं नव्हतंच. घडलेल्या गोष्टीचं राहून गेलेलं कागदकाम होतं.

शनिवारी बसणाऱ्या मुलांपैकी पेठ तालुक्यातल्या एका मुलीने तर मला सरळ विचारलं, "मॅडम, त्या चार महिन्यांत मी रोज येत होते. माझंच नाव मी लिहिलं तर त्यात खोटं काय?"

हा प्रश्न सोपा नाही. न आलेल्या माणसाचं नाव लिहिणं खोटं, हे कुणालाही पटेल. पाहुणे येणार म्हणून घर आवरणं खोटं नाही, हेही पटेल. पण खरोखर आलेल्या मुलीने स्वतःचं नाव नंतर लिहिलं, तर ते कुठे बसतं?

मला सुचलेलं उत्तर असं. वहीतली प्रत्येक ओळ दोन गोष्टी सांगते. एक, ही मुलगी त्या दिवशी आली. दोन, हे त्याच दिवशी, त्याच दारात लिहिलं गेलं. पहिली गोष्ट खरी असेल. दुसरी खोटी आहे. आणि वहीला जी किंमत आहे ती दुसऱ्या गोष्टीमुळे. मुलगी आली होती की नाही, हे तपासायला वाचणाऱ्याकडे दुसरं काही साधन नसतं. तो विश्वास ठेवतो, कारण लिहिणाऱ्याला त्या क्षणी पुढचा हिशोब माहीत नव्हता असं तो धरून चालतो. चार महिन्यांनी, किती सरासरी यायला हवी हे बघून भरलेली वही आणि रोज भरलेली वही दिसायला सारखीच असतात. वेगवेगळी पेनं मागवली होती ती त्यासाठीच. जे करतोय त्यात लपवण्यासारखं काही नसतं, तर एक पेन पुरलं असतं.

गंमत अशी, की हे सगळं आम्ही वर्गात वेगळ्या शब्दांत शिकवतो. पुस्तक ग्रंथालयात आलं की दाखलनोंद वहीत त्याला एक क्रमांक मिळतो. पुस्तक हरवलं तर तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. शेऱ्याच्या रकान्यात 'गहाळ' लिहायचं आणि पुढे जायचं. चूक झाली तर व्हाईटनर लावायचा नाही, एक रेघ मारून सही करायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते दिसत राहील. वही नीटनेटकी दिसावी यापेक्षा तिच्यात काय घडलं ते कळावं, याला महत्त्व.

आणि तालिकीकरणात तर याहून नेमकी सोय आहे. जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा प्रकाशनाचं साल नसतं. तालिकाकार दुसरीकडून शोधून ते साल काढतो. ते तो लिहू शकतो, पण चौकटी कंसात. कंसाचा अर्थ, हे पुस्तकावर नव्हतं, मी शोधून घातलं. नुसता अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे आमचं शास्त्र रिकामी जागा भरायला मनाई करत नाही. जागा आपण भरली आहे हे लपवायला मनाई करतं.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. इतक्या जुन्या संस्थेबद्दल आज कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायला त्या वेळचं माणूस नसतं, दप्तर असतं. दप्तर सांभाळणारी माणसं घडवावी लागतात, हे आपल्याच जिल्ह्यातल्या एका मुलाने फार आधी ओळखलं होतं. मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड. बडोद्याचे महाराज झाल्यावर त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं आणि १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणाची सुरुवात तिथून धरतात. अनोळखी माणसाने आपल्या नोंदीवर विश्वास ठेवावा असं काम करायला शिकवणं, हेच या शिक्षणाचं मूळ.

मी कंसाची गोष्ट सरांना सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, चौकटी कंसाला किती गुण असतात?"

हा टोमणा नव्हता. त्यांच्या बाजूने विचार करा. ग्रेड घसरली तर फटका त्यांना एकट्याला बसत नाही. प्रवेश कमी होतात, विभाग बंद करायचा विषय निघतो, सर्वात आधी माझ्यासारख्या तासिकावाल्यांचे तास जातात. मुलांच्या पदवीवर संस्थेचं नाव असतं. शिवाय बाकी सगळे भरतात, आपण एकटेच कोरी पानं दाखवणार. म्हणजे माझ्या प्रामाणिकपणाची किंमत इतरांनी मोजायची. स्वतःचं मन स्वच्छ ठेवण्यासाठी दुसऱ्याच्या पोटावर पाय देणं, याला नीती म्हणायचं का? या आक्षेपाला मी आजही हलकं मानत नाही.

पण त्या हिशोबात दोन माणसं धरलेली नव्हती.

पहिली, पुढच्या वर्षी प्रवेश घेऊ पाहणारी मुलगी. ती सुरगाण्याहून किंवा दिंडोरीहून मोबाईलवर कॉलेजांची ग्रेड बघते, कारण प्रत्यक्ष येऊन बघणं तिला परवडत नाही. आपण समितीला फसवतो असं आपल्याला वाटतं. समिती दोन-तीन दिवसांत निघून जाते. फसते ती ही मुलगी, आणि आपला निर्णय होताना ती खोलीत नसते.

दुसरी, पेन हातात धरून बसलेली मुलं. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली गावोगावची वाचनालयं अ, ब, क, ड वर्गांत मोडतात आणि वर्गाप्रमाणे त्यांना अनुदान मिळतं. आमच्यातली बरीच मुलं अशाच एखाद्या ड वर्गाच्या वाचनालयात कामाला लागतील. तिथे तपासणी होईल, तिथेही वहीत कोरी पानं सापडतील, आणि काय करायचं ते त्यांना कुणी सांगावं लागणार नाही. ते एका शनिवारी शिकून झालेलं असेल, तेही पदव्युत्तर वर्गात, शिक्षकांच्या देखरेखीखाली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षांसह काही सदस्यांना लाचखोरीच्या आरोपावरून अटक केली. प्रकरण आंध्र प्रदेशातल्या एका संस्थेचं होतं. आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर खूप संताप झाला. संताप रास्तच. पण लाच दिली तर परीक्षक विकत घ्यावा लागतो. प्रश्नपत्रिकेचं उत्तरच आपण घरी बसून तयार केलं, तर परीक्षक कितीही सचोटीचा असला तरी काय करणार? पैशांची देवाणघेवाण न होता तेच काम झालं, आणि त्याला आपण 'डॉक्युमेंटेशन' म्हणतो.

शेवटी आम्ही काय केलं, ते सांगते. मुलं शनिवारी बसली, पण वेगळ्या कामाला. ग्रंथालयाच्या संगणकात पुस्तकांच्या देवघेवीची नोंद तारखेसह आपोआप होते. ती त्या चार महिन्यांची काढली. पुस्तक घरी नेणाऱ्यांचाच आकडा त्यात येतो, नुसतं बसून वाचणाऱ्यांचा येत नाही, त्यामुळे तो कमी भरला. तक्त्यावर वर लिहिलं, 'या काळात वाचक नोंदवही ठेवली गेली नाही. खालील माहिती देवघेवीच्या नोंदींवरून नंतर तयार केली आहे.' खाली तयार केल्याची तारीख आणि सरांची सही. सरांनी ती बऱ्याच वेळाने केली. म्हणाले, "बघू काय होतं ते." पेठच्या मुलीने विचारलं, की मग रोज येऊन नुसतं वाचत बसलेल्या माझ्यासारखीची नोंद कुठेच नाही का? नाही. तिच्या चार महिन्यांचं वाचन आमच्या फाईलीत नाही. हे नुकसान खरं आहे आणि ते तिचं आहे.

गुणांत किती फरक पडला, हे अंतिम ग्रेडवरून वेगळं काढता येत नाही. त्यामुळे सत्याचा विजय झाला असं काही मला सांगता येणार नाही. एवढं मात्र झालं, की जानेवारीनंतर दारात कुणी बसत नव्हतं, हे पहिल्यांदा एका अधिकृत कागदावर आलं. वही भरून टाकली असती तर ती रिकामी खुर्ची कागदोपत्री कधी रिकामी झालीच नसती, आणि माणूस मागायला कारणही उरलं नसतं.

ग्रेडऐवजी मान्यता आहे किंवा नाही, अशी दोनच उत्तरं असलेली पद्धत आणायचं नॅकने २०२४ मध्ये जाहीर केलं. पद्धती बदलत राहतील. माझी मागणी लहान आहे. प्रत्येक तक्त्यात एक रकाना वाढवा : 'ही नोंद कधी आणि कशावरून केली'. तो प्रामाणिकपणे भरणाऱ्याचे गुण कापू नका. ज्या अर्जात 'आमच्याकडे नाही' असं लिहायला जागा नसते, तो अर्ज खोटं लिहायची जागा आपोआप तयार करतो. आणि तोपर्यंत, तुम्ही विद्यार्थी असाल आणि एखाद्या शनिवारी तुमच्या हातात वेगळ्या रंगाचं पेन देऊन कुणी जुन्या तारखा सांगू लागलं, तर निदान एवढं विचारा, की आजची तारीख कुठे लिहायची?