ढिली दोरी
अडेलतट्टू हा शब्द लहानपणापासून ऐकला, तो बहुतेक वेळा माणसांबद्दल. खरोखर अडलेलं तट्टू पाहिलं ते बारामतीजवळच्या माळावर, आणि त्याच्या म्होरकीची दोरी माझ्याच हातात होती.

दीड वर्षाची कुमैत घोडी. एका धनगरवाड्यावरून घेतलेली, भीमथडी जातीची. ही जात अंगाने लहान, पण मेंढपाळाचा सगळा संसार पाठीवर नेते : घोंगड्या, भांडी, कोंबड्या, चालू न शकणारी कोकरं. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरायचं, पावसाळ्याच्या तोंडाशी देशावर परतायचं. आणि त्याच रक्ताची ही माझ्या फाटकापलीकडे पाऊल टाकेना.

मी ओढलं. तिने चारही पाय रोवले. दोन्ही हातांनी ओढलं, तर ती मागे सरकली. गड्याने मागून फोक दाखवला तेव्हा दोन पायांवर उभी राहिली. तिसऱ्या दिवशी म्होरकीखाली तिच्या गालाच्या हाडावरचे केस गेलेले दिसले, आणि मला स्वतःची लाज वाटली.

त्या धनगरवाड्यावरच्या ज्या मावशीच्या हाताखाली घोडी जन्मली, ती त्याच आठवड्यात बाजाराच्या वाटेवर डोकावली. वाडा हलतो तेव्हा पुरुष मेंढरांबरोबर जातात. घोडी लादायची आणि हाताने चालवायची ती बायांनी. तिने थोडा वेळ माझं बघितलं.

"दादा, तिच्या म्होरं उभं राहून डोळ्यांत बघतुयास, मग ती यील कुठनं? वाट तूच अडवलीस की."

ती घोडीच्या डाव्या खांद्याशी गेली. दोरी कडेला, जराशी ताणून धरली आणि तशीच उभी राहिली. घोडी ताठ, मावशी शांत. बऱ्याच वेळाने घोडीने मान वळवली, पुढचा एक पाय बाजूला टाकला. त्याच क्षणी दोरी ढिली झाली.

दाब आला की त्यावर उलटा जोर लावायचा, हा घोड्याचा स्वभाव. सरळ ओढाओढीत माणूस त्याला पुरा पडत नाही. मान कडेला वळली की मात्र तोल सावरायला पाय उचलावा लागतो. आणि घोडा शिकतो ते दोरी ढिली पडते तेव्हा. पाऊल पडूनही ताण तसाच राहिला, तर पाऊल टाकलं काय अन् न टाकलं काय, त्याला सारखंच. मी तीन दिवस नेमकं हेच केलं होतं. ती चुकून एक पाऊल आली की मला हुरूप येई आणि मी आणखीच ओढी. तिने ऐकलं त्याच वेळी मी तिला शिक्षा करत होतो.

मग रोज सकाळी पाव तास, त्याहून जास्त नाही. दोर हाताला गुंडाळायचा नाही. जनावर उधळलं तर बोटं जातात. दोन पावलं, थांबणं, मानेच्या मुळाशी खाजवणं. बागडोर हा शब्द आता राज्यकारभाराच्या बातम्यांत उरला आहे, पण मूळचा तो घोडा हाताने चालवायचा दोर. तो किती हलका धरता येतो हे मला त्या सकाळींनी शिकवलं.

फाटकाचं कोडंही सुटलं. बाहेर मोरीवर लोखंडी जाळी होती. घोड्याला दोन्ही अंगांचं जवळजवळ सगळं दिसतं, पण नाकाखालचं दिसत नाही. मान खाली घालून हुंगल्याशिवाय त्याची खात्री पटत नाही. तिला खाली बघायचं होतं आणि मी तिची मान वर ओढत होतो. तिच्या भीतीला मी हट्ट म्हणत होतो.

कार्तिकात आम्ही ओढ्यापर्यंत गेलो. घोटाभर पाणी होतं. ती थांबली, मीही थांबलो. तिने पाणी हुंगलं, एकदा टापेने उडवलं. मी पलीकडच्या काठाकडे बघत उभा राहिलो, दोर हातात लोंबता. थोड्या वेळाने माझ्या खांद्याशी तिचा श्वास आला, आणि पाण्यात पावलं वाजली.