तिसऱ्या गोळीआधीचा प्रश्न

राहात्यात किंवा आसपासच्या वाड्यावस्त्यांवर एखाद्या पोराला फिट आली की पहिल्या दोन मिनिटांत काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चपलेचा वास देतं, कुणी मुठीत किल्ल्या कोंबतं. यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला त्याच्या पुढच्या घराबद्दल लिहायचं आहे. तिथे कांदा केव्हाच सुटला, डॉक्टर वेळेवर गाठले, एकही गोळी चुकली नाही, आणि तरी वर्षानुवर्षं आठवड्याला दोन-तीन झटके येतातच.

अशी घरं थोडी नाहीत. अपस्माराच्या साधारण एकतृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी पुरते थांबत नाहीत. ग्लासगोच्या क्वान आणि ब्रोडी या डॉक्टरांनी 2000 साली 470 नव्या रुग्णांचा हिशेब मांडला. पहिल्या औषधानं 47 टक्के लोकांचे झटके थांबले, दुसऱ्यानं आणखी 13 टक्क्यांचे. त्यानंतर तिसरं औषध किंवा औषधांची जोडी देऊनही जेमतेम चार टक्क्यांची भर पडली. म्हणून 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेनं व्याख्या ठरवली: योग्य निवडलेली, योग्य मात्रेत दिलेली आणि रुग्णाला सोसलेली दोन औषधं अपयशी ठरली की तो अपस्मार औषधांना दाद न देणारा समजायचा.

आपल्याकडे नेमकं इथेच गाडं अडतं. तिसरी गोळी येते, चौथी येते, मात्रा वाढते. पोरगं वर्गात पेंगतं, चिडचिडं होतं, पाढे विसरतं. श्रीरामपूर, नगर, नाशिक, पुणे अशी फाइल फिरत राहते. प्रत्येक ठिकाणी औषध बदलतं, पण ‘हे झटके मेंदूच्या कुठल्या जागेतून निघतात आणि का?’ हे कुणी विचारत नाही. दोन औषधं हरली की हा प्रश्न विचारला जाणं हा त्या मुलाचा हक्क आहे, असं माझं ठाम मत आहे.

कारणं अनेक असतात. जन्मताना गुदमरल्यामुळे किंवा रक्तातली साखर फार उतरल्यामुळे मेंदूवर राहिलेला व्रण, मेंदूच्या आतल्या बाजूच्या हिप्पोकॅम्पसचं आकसणं, गाठ, पट्टकृमीच्या अंड्यांमुळे झालेली पुटी. पण लहान मुलांत एक कारण फार महत्त्वाचं आहे आणि सामान्य वाचकाला ते जवळजवळ अपरिचित आहे: मेंदूच्या घडणीतच राहून गेलेला दोष. युरोपातल्या अपस्मार शस्त्रक्रियांमधून काढलेल्या साडेनऊ हजारांहून अधिक नमुन्यांची पाहणी 2017 साली प्रसिद्ध झाली. तीत मुलांमध्ये सर्वांत जास्त सापडलेला दोष हाच होता.

ही घडण होते कशी? गर्भाच्या मेंदूतल्या चेतापेशी जन्मतात खोलवर, मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला. साधारण आठव्या-नवव्या आठवड्यापासून त्या बाहेरच्या पृष्ठभागाकडे निघतात आणि आधार देणाऱ्या लांबट पेशींच्या धाग्यांना धरून वर चढतात. आधी आलेल्या खालच्या थरांत थांबतात, मागून येणाऱ्या त्यांना ओलांडून वर जातात, आणि असे बाह्यकाचे, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या भागाचे, सहा थर रचले जातात. हा प्रवास सहाव्या महिन्यापर्यंत चालतो. त्यात काही पेशी निघाल्याच नाहीत तर पोकळीच्या कडेला करड्या पेशींच्या गाठी राहतात. अर्ध्या वाटेत थांबल्या तर खऱ्या बाह्यकाच्या खाली दुसरा पट्टा तयार होतो. मेंदूच्या वळ्या फार बारीक आणि दाट पडू शकतात, किंवा पडतच नाहीत. आणि एखाद्याच लहानशा जागी थरांची रचना विस्कटली, तर त्याला ‘फोकल कॉर्टिकल डिसप्लेशिया’ म्हणतात.

या शेवटच्या दोषाची ओळख 1971 साली लंडनमध्ये झाली. टेलर, फाल्कनर, ब्रूटन आणि कॉर्सेलिस यांनी शस्त्रक्रियेत काढलेले दहा रुग्णांच्या मेंदूचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. बोटांना आणि नुसत्या डोळ्यांना बहुतेकांत काही वेगळं जाणवत नव्हतं. भिंगाखाली मात्र थरांमध्ये अवाढव्य, वेड्यावाकड्या चेतापेशी विखुरलेल्या दिसल्या. अशा पेशी आपसांत चुकीचे विजेचे संदेश पेटवत राहतात.

त्या अशा का होतात, याचं उत्तर मिळायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. पेशीच्या वाढीवर एमटॉर नावाच्या प्रथिनाची यंत्रणा नियंत्रण ठेवते. 2015 साली कोरियन शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा दोष असलेल्या काही मुलांच्या मेंदूत, फक्त त्या बिघडलेल्या जागेच्या मोजक्या पेशींत, एमटॉरच्या जनुकात बदल झालेला असतो. तो रक्तात नसतो, आईत नसतो, बापात नसतो. गर्भात पेशी दुभागताना एका पेशीत चूक झाली आणि तिच्या लेकी-नाती तेवढ्या तिच्या वारस झाल्या.

हे वाक्य मला प्रत्येक आईला वाचून दाखवावंसं वाटतं. आपल्याकडे अशा मुलाच्या आईला काय काय ऐकावं लागतं! ग्रहणात विळी हातात धरली होतीस, सातव्यात माहेरी प्रवास केलास, तुझ्याच घराण्यात काहीतरी असेल. काही दोष आनुवंशिक असतात हे खरं, म्हणूनच जनुकीय सल्ला हवा. पण ग्रहणाचा, विळीचा किंवा बाईच्या पायगुणाचा यात काडीचाही संबंध नाही. अचूक निदान झाल्यावर औषधाची दिशा तर ठरतेच, शिवाय त्या बाईच्या डोक्यावरचं खोटं ओझंही उतरतं. मला हे दुसरं कामही तितकंच मोठं वाटतं.

आता शोधायचं कसं? बहुतेकांच्या फाइलीत एमआरआय असतोच, आणि खाली ‘नॉर्मल’ असं लिहिलेलं असतं. घरच्यांना वाटतं, तपास संपला. पण नेहमीच्या तपासणीतली चित्रं कित्येकदा पाच-पाच मिलिमीटर जाडीची असतात. आपल्या राहात्याच्या पेरूच्या जाड फोडी केल्या तर आतली कीड दोन कापांमध्ये लपून राहते, तसंच इथे होतं. 2019 साली आंतरराष्ट्रीय संघटनेनं अपस्मारासाठी खास पद्धत सुचवली. तीत एक मिलिमीटरची त्रिमितीय चित्रं घेतात. ती पाहणाऱ्याला झटक्यांची हकिगतही माहीत हवी, म्हणजे नजर कुठे रोखायची ते कळतं. खुणा बारीक असतात: एका घळीच्या तळाशी बाह्यक जरासा जाड, करड्या आणि पांढऱ्या भागांमधली रेघ पुसट, तिथून पोकळीकडे जाणारी एक फिकट शेपटी. दोन वर्षांच्या आतल्या बाळात पांढरा भाग अजून पक्व होत असल्यानं हे लपू शकतं, म्हणून पुढे एमआरआय पुन्हा करावा लागतो. उलटही घडतं. जुन्या पुटीचा चुन्याचा एखादा ठिपका दिसतो, सगळे त्यालाच दोषी धरतात, आणि खरी जागा दुसरीकडेच असते.

या तपासात घरच्यांचा वाटा कुठल्याही यंत्राहून कमी नाही. मोबाइलवर झटक्याचं चित्रण करा. मूल कुशीवर आहे, तोंडात काही घातलेलं नाही, हे आधी पाहा. मग मोबाइल चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा धरा. पोरगं आधी थबकतं का? मान दर वेळी डावीकडेच वळते का? उजव्या हाताची बोटं आधी ताठ होतात की ओठ चाळवतात? शुद्धीवर आल्यावर नाव सांगता येतं का? दर वेळी तोच क्रम असेल, तर झटका एकाच जागेतून निघत असण्याची शक्यता मोठी. अंगावर पानासारखे पांढरे चट्टे असतील तर तेही दाखवा. ते दरवेळी जंतांचे किंवा जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे नसतात. ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजाराची ती खूण असू शकते, आणि त्या आजारात एमटॉरला आवर घालणारं औषध उपलब्ध आहे.

व्हिडिओ-ईईजी (झटक्याच्या चित्रणासोबत मेंदूतल्या विजेची नोंद), बारीक एमआरआय आणि गरज पडल्यास पेट स्कॅन यांचं उत्तर एकाच जागेवर जुळलं, आणि ती जागा बोलण्याच्या किंवा हातापायांच्या केंद्रापासून सुरक्षित अंतरावर असली, की शस्त्रक्रियेचा विचार होतो. दिल्लीच्या एम्समध्ये 116 मुलांवर झालेला अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्या 77 टक्के मुलांचे झटके थांबले होते, नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी 7 टक्क्यांचे. याची दुसरी बाजू लपवणं बरोबर नाही. शस्त्रक्रिया झालेल्या 57 पैकी 19 मुलांना गंभीर परिणाम सोसावे लागले. त्यातल्या बहुतेकांच्या अंगाची एक बाजू लुळी पडली. मेंदूच्या अर्ध्या भागाचा संबंध तोडावा लागतो तेव्हा हे अपेक्षितच असतं. निर्णय जड आहेच. पण तो घेण्याची किंवा नाकारण्याची संधी तरी मिळायला हवी. कित्येक मुलं ती न मिळताच मोठी होतात.

राहाता तालुका याबाबतीत कोपऱ्यात पडलेला नाही. लोणीला 1984 पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिर्डीला साईबाबा संस्थानची रुग्णालयं आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरमध्ये सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं, आणि त्याच्या यादीत झटक्यांचा आजार आहे. मात्र मुलं त्या पथकापासून लपवली जातात, विशेषतः मुली. लग्न मोडेल ही भीती असते. एकेकाळी कायदाही तिला बळ देत होता. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची आडकाठी 1999 साली निघाली. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतः हा आजार जगून ‘संवेदना’ हा मदतगट उभा केला, तो लोकांनी उघडपणे बोलावं म्हणूनच. अशा गटाची गरज तालुक्याच्या गावाला शहराइतकीच आहे.

वाचक हो, तुमच्या घरात, गल्लीत किंवा वर्गात दोन औषधं नीट घेऊनही झटके न थांबलेलं मूल असेल तर चालू गोळ्या अजिबात बंद करू नका. तारखांची वही, मोबाइलमधलं चित्रण आणि जुन्या एमआरआयचा नुसता रिपोर्ट नव्हे तर त्याची सीडीही घेऊन मेंदूविकारतज्ज्ञाला भेटा, आणि विचारा: या मुलाला अपस्मार शस्त्रक्रिया केंद्राकडे तपासणीला पाठवाल का? मूल वाढत्या वयात असतानाच हे विचारा, कारण झटके लवकर थांबले तर मेंदूला शिकायला अधिक वर्षं मिळतात.