वाचलेल्याचे ऋण



१९९७ साली आलेला ‘टायटॅनिक’ हा चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी टीव्हीवर पाहिला असेल. त्यात एक श्रीमंत, मनमोकळी, थोडी मोठ्याने बोलणारी बाई आहे. गरीब नायकाला बड्या लोकांच्या पंगतीत बसायचे असते, तेव्हा ती त्याला आपल्या मुलाचा सूट घालायला देते. ही बाई कथालेखकाने रचलेली नाही. तिचे नाव मार्गारेट ब्राऊन. ती आपल्यासारखीच कॅथलिक होती. जहाज बुडाले, ती वाचली आणि त्यानंतर वीस वर्षे जगली. तिच्या आयुष्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो आपल्या नदीकाठच्या गावांना परका नाही. जिथे दुसरी माणसे मेली तिथे मी वाचलो, तर त्या वाचण्याचा अर्थ काय लावायचा?

मार्गारेटचा जन्म १८६७ साली अमेरिकेतील हॅनिबल या गावी झाला. आईवडील आयर्लंडमधून आलेले, हातावर पोट असलेले. लहान वयातच ती तंबाखूच्या कारखान्यात कामाला लागली. पुढे भावाच्या मागोमाग लेडव्हिल या खाणींच्या गावी गेली, दुकानात नोकरी केली आणि १८८६ मध्ये जे. जे. ब्राऊन या खाणीत काम करणाऱ्या माणसाशी तिचे लग्न झाले. १८९३ मध्ये तो काम पाहत असलेल्या खाणीत सोने लागले आणि घराचे दिवस पालटले. डेन्व्हर शहरात मोठे घर झाले. उंची कपडे, मेजवान्या, युरोपचे प्रवास सुरू झाले. तिथल्या कॅथिड्रलसाठी निधी जमवण्यातही ती पुढे असे. १९०९ मध्ये मात्र नवराबायको विभक्त झाले. ती काही संत नव्हती. मान, पैसा, प्रवास यांची तिला हौस होती.

१९१२ च्या एप्रिलमध्ये नातू आजारी असल्याचे कळले, म्हणून ती परदेशातून घरी निघाली. फ्रान्समधील शेरबूर बंदरात ती टायटॅनिकच्या पहिल्या वर्गात चढली. १४ एप्रिलच्या रात्री जहाज हिमनगावर आदळले आणि तीन तासांच्या आत समुद्रात गेले. जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती, पण सगळ्या २० नावा मिळून जागा होती १,१७८ जणांची. सुमारे १,५०० माणसे मेली. मार्गारेट दुसऱ्या बायकांना नावेत बसायला मदत करत होती. तिच्याच सांगण्याप्रमाणे, कोणीतरी तिला धरले आणि खाली सोडल्या जाणाऱ्या नावेत टाकले. त्या ६ क्रमांकाच्या नावेत ६५ जणांची जागा होती, पण तीसही माणसे नव्हती. पाण्यातल्या लोकांसाठी नाव मागे न्या, असे बायकांनी विनवले. नावेवरच्या खलाशाने ऐकले नाही. बायकांनी वल्ही हाती घेतली, पण नाव मागे गेली नाही.

पुढे जगाने तिला ‘न बुडणारी मॉली ब्राऊन’ केले. जिवंतपणी तिला कोणी मॉली म्हणत नव्हते. हे नाव तिच्या मृत्यूनंतर, विशेषतः १९६० सालच्या एका संगीत नाटकामुळे घरोघरी गेले. पण या नावातच एक चूक दडलेली आहे. जणू काही ती बुडाली नाही ती तिच्या अंगच्या गुणामुळे! ती बुडाली नाही, कारण तिला नावेत जागा मिळाली. ती जागा कशी मिळाली हे आकडेच सांगतात. पहिल्या वर्गातील शंभर स्त्रियांमागे ९७ वाचल्या. तिसऱ्या वर्गातील निम्म्याही वाचल्या नाहीत. तिसऱ्या वर्गातील मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुले बुडाली. देवाने माणसे तिकीट पाहून निवडली असे कोणी म्हणेल काय?

त्याच जहाजावर अ‍ॅनी फंक नावाची एक मिशनरी होती. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमधील जांजगीर येथे ती मेनोनाइट मिशनतर्फे मुलींची शाळा चालवत असे. आई आजारी असल्याची तार आली म्हणून ती मायदेशी निघाली होती. तिने दुसऱ्या जहाजाचे तिकीट काढले होते, पण इंग्लंडमधील कोळशाच्या संपामुळे ते जहाज निघाले नाही आणि तिला टायटॅनिकवर यावे लागले. १२ एप्रिलला, समुद्रावरच, तिला ३८ वर्षे पूर्ण झाली. तीन दिवसांनी ती गेली. वाचणे हे जर चांगुलपणाचे बक्षीस असेल, तर अ‍ॅनीच्या बाबतीत हिशेब कोणी चुकवला?

हा प्रश्न प्रभू येशूपुढेही आला होता. लूकलिखित शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. मेलेले लोक इतरांपेक्षा अधिक पापी होते, ही समजूत प्रभूने साफ नाकारली. मग याची दुसरी बाजूही तितकीच खरी मानली पाहिजे. जे बुरुजाखाली सापडले नाहीत, ते अधिक पुण्यवान नव्हते.

मग वाचलेला माणूस अपराधी आहे काय? दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञाने असा विचार मांडला की, दुसरे मारले जात असताना आपण जिवंत राहिलो यातही एक प्रकारचा दोष असतो, जो कोणत्याही न्यायालयात सिद्ध होत नाही. या विचारात सच्चेपणा आहे. आप्त गमावून घरी परतलेल्या माणसाला रात्री झोप का लागत नाही, हे त्यातून कळते. तरीही मला ‘दोष’ या शब्दापेक्षा आपल्या भाषेतला ‘ऋण’ हा शब्द अधिक योग्य वाटतो. काही वाईट केल्याशिवाय दोष लागत नाही. ऋण मात्र काहीही वाईट न करता असू शकते. आईचे ऋण असते, मातीचे ऋण असते. आपण मागितले नव्हते, तरी मिळाले. म्हणून ऋण.

पण हे ऋण फेडायचे कोणाला? ज्यांचे ते आहे, ते तर समुद्राच्या तळाशी आहेत. मार्गारेटने या प्रश्नावर लेख लिहिला नाही, कामाला हात घातला. कार्पेथिया या जहाजाने नावांतल्या लोकांना उचलून घेतले, तेव्हा त्यांत तिसऱ्या वर्गातील अनेक बायका होत्या. नवरा बुडाला, पैसा बुडाला, अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नाही, आणि ज्या देशात उतरायचे तिथली भाषाही येत नाही. श्रीमंतीत हौसेने शिकलेल्या परभाषा आता उपयोगी पडल्या. ती त्या बायकांशी बोलली, वाचलेल्यांच्या याद्या केल्या आणि पहिल्या वर्गातील प्रवाशांकडून पैसे मागितले. जहाज न्यूयॉर्कला पोहोचेपर्यंत सुमारे १०,००० डॉलर्सची वचने गोळा झाली होती. पुढे १९१४ मध्ये कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या छावणीत बायकामुले मारली गेली, तेव्हा ती त्यांच्या मदतीला धावली. पहिल्या महायुद्धात तिने उद्ध्वस्त फ्रान्ससाठी काम केले. १९३२ मध्ये तिचे निधन झाले.

कोणी म्हणेल, पैसेवालीला देणे सोपे. शिवाय नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिचा मुलांशी इस्टेटीवरून वाद झालाच ना? झाला. पण संकटातून वाचलेला माणूस निर्दोष होऊन बाहेर येत नाही, तो तसाच असतो. आणि पैसा तर कार्पेथियावर इतर पुष्कळांकडेही होता. यादी करायला पैसा लागत नाही. समोरच्या बाईला नाव विचारावे लागते, आणि ती रडायची थांबेपर्यंत शेजारी बसावे लागते.

आता आपल्याकडे वळू. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. नदीपलीकडे मिरची तोडायला निघालेल्या मजूर स्त्रिया त्यात बुडून मेल्या. २०२१ च्या कोविडच्या लाटेत एकाला ऑक्सिजनची खाट मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही. अशा वेळी आपण सहज बोलून जातो, “देवाची कृपा, म्हणून आम्ही वाचलो.” देवाचे आभार मानावेत, जरूर मानावेत. पण शेजारच्या घरात सुतक असताना हे वाक्य मोठ्याने उच्चारले, तर त्या घराला काय ऐकू जाते? “तुमच्यावर कृपा नव्हती.” आभार देवाजवळ मानावेत, त्यांचा निकाल करून लोकांपुढे वाचू नये.

आणखी एक जपावे. ऋणाची भाषा माणसाने स्वतःपुरती वापरावी. नदीतून जिवंत निघालेल्या बाईला “देवाने तुला काहीतरी मोठ्या कामासाठी वाचवले” असे सांगण्याचा हक्क तुम्हाआम्हाला नाही. तिला आधी अंग पुसायला कोरडे लुगडे हवे, घोटभर चहा हवा. मोठ्या कामाचे तिचे ती ठरवील.

स्वतःपुरता विचार करताना मात्र सूट नको. आपल्यापैकी प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या नावेत बसून आला आहे. पाड्यावरची दहा मुले आश्रमशाळेत गेली, एक बारावी होऊन नोकरीला लागला. त्याच तापाने दोन भावंडे आजारी पडली, एक उठले. ती जागा आपल्याला का मिळाली याचे उत्तर या जगात मिळणार नाही. नावेत अजून किती जागा रिकामी आहे, हे मात्र मान वळवली तर दिसते.

लूकच्या त्याच अध्यायात बुरुजानंतर लगेच अंजिराच्या झाडाचा दाखला येतो. फळ न देणाऱ्या त्या झाडासाठी मळेकरी आणखी एक वर्ष मागून घेतो. त्या वर्षात झाड काय करणार, एवढेच विचारायचे बाकी राहते. आपल्याला मिळालेले वर्षही तसेच आहे. या आठवड्यात आपल्या वाडीतील एका घरी जाऊन यावे, जिथून माणूस परत आला नाही. काही बोलायलाच हवे असे नाही.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.