नाव सांगून पाण्यात

पाणी बाटतं कसं, हा प्रश्न आपण फार वेळा विचारला. आता तो टाकून दिला पाहिजे. पाणी बाटत नाही. कधीच बाटलं नव्हतं, आणि बाटलं म्हणून ओरडणाऱ्यांनाही ते आतून ठाऊक होतं. आता विचारायचा प्रश्न दुसरा आहे. तो जरा अवघड आहे, कारण तो त्यांना नाही, आधी आपल्याला विचारायचा आहे : कुणी अडवलं नाही, म्हणजे आपण मोकळे झालो का?

दोस्तांनो, माझी शाळा नववीत सुटली. तत्त्वज्ञान मी पाळी संपल्यावर वाचलं, जांभया देत देत. पण हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. दापोली तालुक्यातल्या उन्हवरे गावी, गरम पाण्याच्या कुंडात भेटला.

आम्ही पाच जण एकाच सूतगिरणीतले, एकाच पाळीचे. २० मार्चला घाट उतरून महाडला जायचं, चवदार तळ्यावर माथा टेकायचा नाही तर ताठ उभं राहायचं, आणि रात्रीच परतायचं, हा दर सालचा शिरस्ता. या खेपेला दोन रजा जोडल्या आणि मोटारसायकली तशाच पुढं काढल्या. मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे. मग दापोली, जिथं त्यांच्या लहानपणाची काही वर्षं गेली. लाल माती, काजूची झाडं, वळणावळणानं मध्येच दिसणारी खाडी. आणि मग उन्हवरे. नावातच ऊन आहे.

पाणी जिथून वर येतं तिथं हात घालवत नाही. ७० अंशांच्या आसपास उष्णता. वाफ, आणि गंधकाचा तो नासक्या अंड्यासारखा वास. बाप्यांना वेगळी जागा, बायांना वेगळी. खरजेला, सांध्यांना बरं म्हणून माणसं येतात. आम्ही आठ आठ तास उभ्यानं रिंगवर तुटलेले धागे सांधणारी माणसं. पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. निवत्या पाण्यात मानेपर्यंत बसलो, तेव्हा पाचातला एकही बोलेना. अंग सुटत होतं. खरं सांगतो, इतकं सुख मला कुठल्या भाषणानं दिलेलं नाही.

आता हे पाणी येतं कुठून ते बघा. कोकणात जागता ज्वालामुखी नाही. पावसाचंच पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून खाली खाली मुरतं. जमिनीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते. पाणी तिथं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. तो पाषाण साडेसहा कोटी वर्षांमागचा. मनू, त्याची स्मृती, सगळं कालपरवाचं. विहीर खणावी लागते, तळं बांधावं लागतं, म्हणून त्याच्यावर कुणी हक्क सांगितला तर निदान वादाला जागा असते. (विहिरी खणल्या कुणाच्या हातांनी, तो वाद वेगळा.) पण झरा कुणी खणलेला नाही. कुंडाचे दगड माणसानं लावले, देव माणसानं बसवला. पाणी मात्र त्याच्या आधीपासून वाहतंय. ते कुणाच्या बापाचं, हा प्रश्न विचारायलाही तोंड नाही.

म्हणजे शुद्धता हे कारण कधीच नव्हतं. ते निमित्त होतं. दोन दाखले देतो.

पहिला महाडचा. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात पास झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं त्याला मान तुकवली. कागद झाला, पाणी नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर गेली आणि ओंजळीनं पाणी प्याली. त्यावर लाठ्या चालल्या, डोकी फुटली. मग १०८ घागरी पंचगव्य तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ केलं. शेण आणि गोमूत्र घालून पाणी शुद्ध होतं, माणसाच्या ओंजळीनं बाटतं! याच्यात शुद्धतेचा विचार कुठं आहे? ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. मग कोर्ट. तिथं तर म्हणणं काय, की तळं खाजगी मालकीचं आणि वहिवाट पूर्वापार. गोष्ट मालकीवर आली. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला : अशी पूर्वापार वहिवाट शाबीत होत नाही. एक ओंजळ पाणी, आणि दहा वर्षं.

दुसरा दाखला गिरणीचा. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या माणसांना विणाई खात्यात घेत नसत. का? धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. आपली थुंकी लागेल, धागा बाटेल. पण विणाई खात्यात पगार जास्त होता, हे ज्याला दिसत नाही तो आंधळा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लालबावट्याच्या पुढाऱ्यांपुढं मांडला. कामगारांची एकजूट म्हणता, मग धोट्यापाशी ती कुठं जाते? थुंकीच्या नावानं पगार राखला होता. तसंच पाण्याच्या नावानं गाव राखलं जातं.

इथवर तुम्ही सगळे माना डोलावणार. आता अवघड जागा येते.

कुंडात आमच्यासमोर एक म्हातारबाबा बसला होता. मायाळू दिसत होता. गुडघा कसा शेकायचा, आधी कुठल्या पाण्यात बसायचं, त्यानं आपण होऊन सांगितलं. मग म्हणाला, “घाटावरची पोरं दिसताय. आडनाव काय?” आमच्यातला एक बोलला, “जाधव.” ते त्याचं खरंच आडनाव. आणि जाधव तर कुठल्याही आळीत सापडतात. म्हातारा हसला, सरकून जागा दिली, म्हणाला, “हां, म्हणजे आपलेच.”

आमच्यातला सर्वांत लहान, अजून बदलीवरच आहे, तो शांतपणे म्हणाला, “जयभीम, बाबा.”

म्हातारा काही वावगं बोलला नाही. थोडा वेळ वाफेकडं बघत बसला. मग टॉवेल घेतला, “झालं माझं,” म्हणाला आणि उठून गेला. त्याचं खरंच झालं होतं की काय, कोण जाणे. पाणी होतं तेवढंच गरम राहिलं.

गाड्यांपाशी भांडण पेटलं. जाधव म्हणाला, “पोटऱ्या शेकत होतो ना? तिथंही सत्याग्रह? आयुष्यात एक दिवस नुसतं माणूस म्हणून बसू द्याल का नाही?” धाकटा म्हणाला, “तू माणूस म्हणून बसलाच नव्हतास. त्यांच्यातला म्हणून बसला होतास.”

दोघांची बाजू मी तोलून पाहिली आहे. जाधव भेकड नाही. तो खोटंही बोलला नाही. सवर्ण माणूस कुंडात उतरताना जाहीरनामा वाचत नाही. मग आपण का वाचावा? थकलेल्या माणसाला अंघोळीतही झेंडा धरायला लावणं, हेही जातीनंच लादलेलं ओझं आहे. आणि आपल्या चळवळीत सुखाला जरा कमीच मान आहे. आपल्याला नाकारलं ते नुसतं घशापुरतं पाणी नव्हतं. पाण्यात डुंबणं, हसणं, उशिरापर्यंत बसून राहणं, हेही नाकारलं होतं. ते परत घेण्यात लाज कसली?

पण धाकट्याचं म्हणणं मला पुढं टाळता येत नाही. अनोळखी म्हणून मिळालेली मोकळीक ही उसनी असते. मालकानं एक प्रश्न विचारला की ती परत करावी लागते. हमरस्त्यावर, हॉटेलात, कुंडात आज बहुतेक वेळा कुणी अडवत नाही, कारण ओळखत नाही. त्याच माणसाच्या गावच्या पाणवठ्यावर सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथं काय होतं ते बघा. ओळखू न येणं म्हणजे समता नव्हे. ‘आपलेच’ या शब्दानं म्हाताऱ्यानं सरकून जी जागा दिली, ती जाधवला दिलीच नव्हती. त्याच्या मनातल्या दुसऱ्याच कुणा जाधवाला दिली होती.

घटनेचं कलम १५ विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांची नावं घेऊन सांगतं की जातीवरून कुणाला रोखता येणार नाही. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करतं. कायदा आपल्याला पाण्यात नेतो, आणि न्यायलाच पाहिजे. पण शेजारी बसलेल्याला उठू नको असं कायदा सांगू शकत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला सांगितलं होतं, की त्या तळ्याचं पाणी प्यालो नाही म्हणून आपण मरत नव्हतो. आपणही माणसं आहोत हे दाखवायला तिथं जायचं. म्हणून मी कसोटी अशी मांडतो. १९२७ साली आपण पाण्यात जाणं ही कसोटी होती. आज आपलं नाव ऐकून त्यानं पाण्यात बसून राहणं ही कसोटी आहे. तेव्हाची परीक्षा आपण दिली, डोकी फोडून घेऊन. ही परीक्षा त्याची आहे. तिचा घाम आपण का गाळायचा?

म्हणून कार्यकर्त्यांनो, जाधवला पळपुटा म्हणू नका. त्याला दमलेला म्हणा आणि त्याच्या शेजारी बसा. पण प्रश्न आलाच, तर पाचातल्या एकानं तरी उत्तर द्यायचं. न रागावता, न उठता, पाण्यातूनच. कुणी उठून गेला तर जाऊ द्या. आपण उठायचं नाही.

आणि पुढच्या खेपेला आयांना घेऊन चला. विहिरीच्या कडेला रिकामी घागर घेऊन, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून तासन्‌तास उभ्या राहिलेल्या बायका अजून आपल्या घरांत आहेत. त्यांचे गुडघे दुखतात. त्यांना कुंडात बसवा. घाई करू नका. कुणी नाव विचारलं, तर त्या सांगतील. त्यांना तुमच्या माझ्यापेक्षा कमी भीती वाटते.